पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची

ग्रंथपालांच्या शर्टाच्या खिशात त्यांच्या बायकोला नेहमी चष्म्याचं फडकं नाहीतर कुणीतरी पुस्तकात विसरलेली खूण सापडायची. त्या दिवशी कपडे भिजवताना दोन गुलाबी तिकिटं सापडली. दोन्हींवर एक उघडाबंब माणूस दुसऱ्या उघड्याबंब माणसाला डोक्यावर उचलून उभा होता.

"हे काय आहे?" ओल्या हातात तिकिटं धरून ती बाहेर आली.

"कुस्ती," ग्रंथपाल वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले. "रविवारी दुपारी चारला. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये."

"तुम्ही कुस्ती बघणार?"

"मातीतली नाही गं. ही रिंगमधली. दोर असतात, मुखवटे असतात, झगे घालून येतात."

"म्हणजे ठरवून केलेली मारामारी."

ग्रंथपालांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "नाटकसुद्धा ठरवूनच करतात. तेव्हा तू नाकाला रुमाल लावून बसतेस."

"पुढच्या वर्षी निवृत्त होणार तुम्ही," बायको म्हणाली. "आणि दुसरं तिकीट माझ्यासाठी काढलं असेल तर आजच परत करून या."

"ताईसाठी काढलंय."

यावर मात्र तिने ओले हात पदराला पुसले. तिकिटं पुसून तिने टेबलावर वाळत ठेवली.

ताई म्हणजे ग्रंथपालांची थोरली बहीण. छत्तीस वर्षं रुग्णालयात काढून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, त्याला आता सव्वा वर्ष झालं होतं. दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. पहाटे पाचला उठायच्या आणि साडेपाचपर्यंत त्यांची दिवसभराची कामं संपायची. मग त्या इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करायच्या. भावाकडे आल्या की पलंगाच्या चादरी ओढून अशा घट्ट खोचायच्या की रात्री ग्रंथपालांना पाय आत घालायला जोर लावावा लागे. ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने अख्खा वॉर्ड सरळ व्हायचा, त्या ताई हल्ली दुपारी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीत किती लोक गेले आणि किती बाहेर आले ते मोजायच्या. त्यांनी ते स्वतःच सांगितलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, "काल तिघं कमी बाहेर आले."

तेव्हापासून ग्रंथपाल त्यांना कुठेतरी न्यायच्या विचारात होते. ग्रंथालयाच्या फलकावर कुणीतरी ती जाहिरात टाचून गेलं आणि त्यांना कंपाउंडरकाकांची खिडकी आठवली.

लहानपणी त्यांच्या गल्लीत टीव्ही फक्त कंपाउंडरकाकांकडे होता. शनिवारी दुपारी त्यावर परदेशातली कुस्ती लागायची. काकांची बायको पोरांना घरात घेत नसे, पण खिडकी उघडी ठेवण्याइतकी ती दयाळू होती. खिडकी उंच होती. एक बादली पालथी घालून त्यावर एकाने उभं राहायचं, दिसेल ते खाली उभ्या असलेल्याला सांगायचं, आणि शंभर आकडे झाले की पाळी बदलायची. ताई वर असल्या की इतकं झकास वर्णन करायच्या, की स्वतःच्या पाळीला बघताना ग्रंथपालांना चित्र जरा फिकंच वाटे. पुढे ग्रंथपाल दहा वर्षांचे असताना ताईंनी कुणाकडून तरी ऐकून त्यांना सांगितलं, की कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं असतं. ग्रंथपाल चार दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

"त्या मारामारीला मी येऊन काय करू?" तिकीट बघून ताई म्हणाल्या.

"काही नको करू. बस."

"बसतेच आहे सव्वा वर्ष."

"मग तिथे बस."

ताईंनी थोडा वेळ तिकिटावरच्या माणसाकडे पाहिलं. "याचा डावा खांदा उतरलेला आहे," त्या म्हणाल्या. "असा उचलत राहिला तर निखळेल एक दिवस." यावरून त्या येणार हे ग्रंथपालांनी ओळखलं.

रविवारी दोघं हॉलवर पोचले तेव्हा दारात तिकिटं फाडायला एक धिप्पाड तरुण उभा होता. अंगात साधा कोट होता, पण कोटाखालून चंदेरी चड्डी चमकत होती. हा कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीचा विजेता पैलवान 'वज्र'. एरवी तो सामान पोचवायची गाडी चालवायचा. आत बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर रिंग उभारलेली होती आणि तिच्या तीन बाजूंना घडीच्या शंभरेक खुर्च्या. चौथ्या बाजूला एका टेबलाशी आयोजक बसले होते. गाणी वाजवणं, पुकारा करणं, घंटा देणं आणि पाण्याच्या बाटल्या विकणं ही सगळी खाती त्यांच्याकडेच होती. मलमाचा उग्र वास सुटला होता. ग्रंथपालांनी तो छाती भरून घेतला. कंपाउंडरकाकांच्या टीव्हीतून हा वास कधी आला नव्हता.

त्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, पण मधोमध होत्या. ताई बसल्या आणि लगेच उठल्या.

"गुडघा दुमडून बसायला होत नाही, बाळ्या. मला कडेला हवंय. पाय लांब करता येईल."

कडेच्या खुर्चीवर मांडीवर भलीमोठी काळी पर्स घेऊन एक बाई बसल्या होत्या. ग्रंथपालांनी त्यांना विनंती केली. बाई घुटमळल्या. "मला इथेच बसायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. पण तेवढ्यात त्यांची नजर ताईंच्या गुडघ्यावरच्या पट्ट्याकडे गेली. "बसा हो. एका खुर्चीने काय होतंय?" असं म्हणून त्या मध्ये सरकल्या.

त्या आयोजकांच्या मावशी होत्या, हे ग्रंथपालांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या पर्समध्ये नुसता कापूस भरलेला होता, हेही नाही.

पहिल्या दोन कुस्त्यांत ताई गप्प होत्या. नंतर वज्राशी लढायला मुखवटा घातलेला 'कर्दनकाळ' आला. त्याने पंचांना ढकललं, लोकांना वेडावून दाखवलं, वज्राचे केस ओढले. हॉलभर हुर्यो उडाली.

"अहो काळ्या मुखवट्याचे," ताई बसल्या जागेवरून, वॉर्डच्या टोकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "केस सोडा त्याचे. मानेला झटका बसेल."

कर्दनकाळाने केस सोडले. ते सोडायचं ठरलेलं नव्हतं, हे त्याने नंतर कबूल केलं. "आवाजच असा होता, की हात आपोआप उघडला," तो म्हणाला. हॉल हसला. ग्रंथपालांनी ताईंकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या अगदी टोकाला येऊन बसल्या होत्या.

इथून पुढे जे घडलं त्यात तसा कुणाचाच दोष नव्हता. ठरलेलं होतं ते असं: कर्दनकाळाने रिंगमधून खाली उतरायचं, पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरच्या बाईंची काळी पर्स हिसकायची, ती वज्राच्या डोक्यात घालायची, वज्राने पडायचं, पंचांनी दोन म्हणेपर्यंत उठायचं आणि मग जिंकायचं. मुखवट्याची डोळ्यांची भोकं बटणाच्या काजाएवढी होती. त्यातून कर्दनकाळाला कडेची खुर्ची दिसली, खुर्चीवर बाई दिसल्या आणि पर्सही दिसली. पर्स तपकिरी होती, पण तेवढ्या भोकातून सगळंच काळं दिसतं.

ताईंच्या पर्समध्ये रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. हल्लीचं प्लास्टिकचं नाही, पाऱ्याच्या नळीचं, जाड पत्र्याच्या पेटीतलं. निरोपसमारंभात वॉर्डातल्या मुलींनी दिलेलं. त्याशिवाय त्या घराबाहेर पडत नसत.

ठण्ण असा आवाज झाला. वज्र क्षणभर उभा राहिला, आपण कोण आहोत ते आठवत असल्यासारखा. मग आडवा झाला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कारण इतकं खरं पडणं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. कर्दनकाळाने पर्सकडे पाहिलं, ती हातात तोलली आणि त्याच्या मुखवट्यातून बारीक आवाज आला, "अरे देवा. यात काय आहे?"

"पारा आहे," ताई उठल्या. "ती पेटी आडवी धरू नका. बाळ्या, हात दे."

ग्रंथपालांनी हात दिला, तो निव्वळ सवयीने. गुडघ्याचा पट्टा सावरत ताई लाकडी पायऱ्या चढल्या, दोरांमधून वाकून आत गेल्या आणि वज्राशेजारी बसल्या. त्याने उठायची धडपड केली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून धरले आणि छातीला कान लावला. पंच हे अंकगणिताचे निवृत्त शिक्षक होते. रिंगमध्ये चष्मा फुटतो म्हणून ते तो खिशात ठेवत. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक आकृती खाली आहे, एक वर आहे आणि खालच्याचे दोन्ही खांदे टेकलेले आहेत. ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हाताने फळीवर तीनदा मारलं, म्हणजे कुस्ती निकाली.

घंटा वाजली. ती देताना आयोजक पाण्याची बाटली विकत होते. तीन थापा ऐकल्या की त्यांचा हात आपसूक घंटेवर जायचा.

हॉल उभा राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी "ताई, ताई" अशी सुरुवात केली आणि दहा सेकंदांत शंभर माणसं तेच ओरडायला लागली. आयोजक धावत रिंगपाशी आले.

"सर, अहो, त्या प्रेक्षक आहेत."

"दोन्ही खांदे टेकले, मोजणी तीन," पंच चष्मा पुसत म्हणाले. "वरचा माणूस कोण, हे बघायचं काम माझ्याकडे नाही."

आयोजकांनी गर्दीकडे पाहिलं. त्यांच्या कंपनीच्या सहा वर्षांत एवढा आवाज कधी झाला नव्हता. ते दोरांमधून वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एक हात वर करा. कृपा करून."

"हात रिकामा नाही," ताई म्हणाल्या. "नाडी बघतेय."

वज्राने डोळे उघडले. "जिंकलो का मी?"

"आज वार कोणता?"

"रविवार."

"बोटं किती?"

"तीन. पण जिंकलो का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "पण तब्येत ठीक आहे."

तासाभराने घरी परतताना ग्रंथपालांच्या हातात ताईंची पर्स होती आणि ताईंच्या खांद्यावर विजेत्याचा सोनेरी पत्र्याचा, हातभर रुंद पट्टा. पारा सांडला नव्हता. ग्रंथपालांच्या बायकोने दार उघडलं, पट्टा बघितला आणि नवऱ्याला विचारलं, "वन्संना कुठे नेलं होतंत तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी आयोजक ग्रंथपालांच्या घरी आले, तेव्हा ताई तिथेच होत्या. सोबत कर्दनकाळही होता. मुखवटा काढल्यावर तो एक अत्यंत नम्र, टक्कल पडू लागलेला गृहस्थ निघाला. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होता. त्याने आल्या आल्या ताईंची माफी मागितली, वज्र बरा आहे असं सांगितलं आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरून कोपऱ्यात बसला.

"पट्टा न्यायला आलो होतो," आयोजक म्हणाले.

"न्या की," ताई म्हणाल्या. "मी कालच पुसून ठेवलाय. मागच्या बाजूला गंज धरलाय त्याला."

विषय तिथेच संपला असता. पण ग्रंथपालांना राहवलं नाही.

"असा कसा नेता येईल?" ते म्हणाले. "पट्टा रिंगमध्ये जिंकतात, रिंगमध्येच हरतात. चहाच्या टेबलावरून पट्टा उचलून नेल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. लोकांनी डोळ्यांनी पाहिलंय. पुढच्या महिन्यात वज्र पट्टा लावून आला तर ते विचारतील, ताईंना कधी हरवलं?"

कप खाली ठेवून कर्दनकाळ म्हणाला, "बरोबर आहे सरांचं."

"अहो, काय बोलताय तुम्ही?" ग्रंथपालांची बायको म्हणाली. "त्रेसष्ट वर्षांच्या आहेत त्या."

ग्रंथपालांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा कळलं. ते घाईघाईने म्हणाले, "मी आपलं तत्त्व म्हणून सांगितलं."

"तत्त्व बरोबरच आहे," ताई म्हणाल्या. "मला पडावं लागेल का?"

"एकदाच," आयोजक म्हणाले. "आम्ही शिकवू. वज्र तुम्हाला नुसतं बोट लावेल."

"तालीम किती वाजता असते?"

मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी पाचला. ताई साडेचारलाच जाऊन बसू लागल्या. पहिल्या दिवशी त्यांनी हनुवटी छातीला लावून पाठीवर पडायचं शिकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून इतरांचे घोटे बांधायला लागल्या. वज्राच्या डाव्या खांद्याला त्यांनी व्यायाम लावून दिला. कर्दनकाळाच्या मुखवट्याची भोकं मोठी करून त्यांना कडेने शिलाई मारली. एका मंगळवारी ग्रंथपाल त्यांच्याकडे गेले तर दाराला कुलूप. खिडकीशी कुणीच नव्हतं. ते तसेच हॉलवर गेले.

"तुला आत नाही येता येणार," ताई दारात येऊन म्हणाल्या. घामाने त्यांचे केस कपाळाला चिकटले होते.

"का? मी तर तुला..."

"तू प्रेक्षक आहेस, बाळ्या. आधी कळलं तर तुला मजा यायची नाही."

त्यांनी दार लावून घेतलं. ग्रंथपाल थोडा वेळ तिथेच उभे राहिले. आतून फळीवर कुणीतरी धाडकन पडल्याचा आणि पाठोपाठ ताईंच्या हसण्याचा आवाज आला. हॉलची खिडकी उंच होती. ग्रंथपालांनी आजूबाजूला पाहिलं, पण उलटं घालून उभं राहता येईल असं काही तिथे नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या रविवारी खुर्च्या अपुऱ्या पडल्या. ताईंच्या रुग्णालयातल्या परिचारिकांनीच दोन रांगा भरल्या होत्या. ग्रंथपालांची बायकोही आली होती. "कुणीतरी शहाणं माणूस जवळ असलेलं बरं," असं तिचं म्हणणं होतं. ग्रंथपाल चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. सगळं ठरलेलं आहे, ते स्वतःला सांगत होते. नुसतं बोट लावणार आहे.

ताई आल्या त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, खांद्यावर पट्टा, पायात त्याच वॉर्डातल्या चपला. परिचारिका उभ्या राहिल्या, काहीजणी तर सवयीने. रिंगमध्ये वज्राने हात जोडले आणि पट्टा मागितला. ताईंनी मान हलवली. त्याने पुन्हा मागितला. ताईंनी त्याला जीभ बाहेर काढायला लावली, घसा तपासला आणि पुन्हा नाही म्हणाल्या. हॉल खो खो हसत होता. शेवटी वज्राने डोळे मिटले, एक बोट पुढे केलं आणि त्यांच्या खांद्याला टेकवलं.

ताई पडल्या. सरळ मागे, झाड कोसळावं तशा. फळी धाडकन वाजली. पंचांनी तीन मोजले, घंटा झाली, वज्राने पट्टा उचलला. लोक टाळ्या वाजवत राहिले. ताई उठल्या नाहीत.

ग्रंथपाल थांबले. मनात त्यांनी वीसपर्यंत मोजलं. ताईंचा एक हात विचित्र वळून अंगाखाली गेला होता.

"त्या उठत का नाहीत?" बायकोने विचारलं.

"ठरलेलं असेल," ग्रंथपाल म्हणाले. पण हे वाक्य पुरं होईपर्यंत ते उभे राहिले होते. पुढच्या क्षणी पायऱ्यांवर होते. दोरांमध्ये त्यांचा सदरा अडकला, एक पाय आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत ते घोड्यावर बसल्यासारखे डुलले आणि मग आत पडले. रांगतच ते ताईंपाशी पोचले. चष्मा नाकावरून घसरला होता.

"ताई. ताई, ऐकू येतंय का?"

ताईंनी एक डोळा अर्धा उघडला. "माझ्या पदरावरचा गुडघा काढ," त्या ओठ न हलवता म्हणाल्या. "आणि तू इथे कशाला आलास? आता कर्दनकाळ मागून येणारेय. सगळे माझ्याकडे बघत असताना तो वज्राला गाठणार, असं ठरलंय."

कर्दनकाळ आलाच होता. मोठ्या भोकांमधून त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि म्हणूनच त्याची पंचाईत झाली. वाटेत ग्रंथपाल होते. हॉलमधली माणसं बघत होती, काहीतरी करणं भाग होतं. तो वाकला आणि ग्रंथपालांच्या कानाशी म्हणाला, "सर, हनुवटी छातीला लावा." मग त्याने त्यांना दोन्ही हातांवर अलगद उचललं. अठ्ठावन्न वर्षांचे ग्रंथपाल दोरांच्याही वर गेले. त्यांना खाली शंभराहून जास्त चेहरे दिसले, पांढऱ्या रेघा दिसल्या, तोंडावर हात धरलेली बायको दिसली. आणि दाताच्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसवावं तितक्या काळजीने कर्दनकाळाने त्यांना ताईंच्या शेजारी आडवं केलं. फळीने मात्र आवाज झकास दिला.

हॉल दणाणून गेला. वज्र आणि कर्दनकाळ एकमेकांना भिडले आणि मारामारी करत पडद्यामागे निघून गेले, पंच त्यांच्या मागे धावले.

रिंगमध्ये दोघंच उरली. वर हॉलच्या पत्र्याला नळीचे दिवे लटकत होते, त्यातला एक फडफडत होता. लहानपणी वडील दारातून डोकावले, की दोघं अशीच शेजारी शेजारी, डोळे मिटून, श्वाससुद्धा बेताने घेत पडून राहायची. वडील किती वेळ उभे असतील याचा नेम नसायचा.

"कितीदा सांगितलं, तू प्रेक्षक आहेस म्हणून," ताई पुटपुटल्या.

"तुला लागलं असं वाटलं मला."

ताईंचा अंगाखालचा हात हळूच बाहेर आला, ग्रंथपालांच्या मनगटावर टेकला आणि तिथेच थांबला.

"नव्वद," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "खाली येईल. लांब श्वास घे."

ग्रंथपालांनी लांब श्वास घेतला. टाळ्या अजून चालू होत्या. "आता काय करायचं?"

"स्ट्रेचर येईल. दोघांना एकच आहे, त्यामुळे वेळ लागेल." ताईंनी डोळे मिटले. "आणि हसू नकोस. पोट हलतंय तुझं."